कढत पाणी

आमच्या घरी दोन भाषा नांदत, आणि त्यांच्यामध्ये कधी कुंपण नव्हते. पूर्वज बुंदेलखंडातल्या गुरसरायच्या जहागिरीत कारकून होते. त्यांच्यामागून आमच्या वाट्याला मराठी तेवढी उरली, तीही हिंदीत मुरलेली. "भैया, पाणी कढत आहे, विसण घालून घे," असे आई न्हाणीपाशी सांगे. कढत म्हणजे चटका बसेल इतके गरम, हे त्या घरात कोणाला समजावावे लागले नाही. हा शब्द माझ्याकडून एका माणसाचे नुकसान करवील, असे तेव्हा वाटण्याचे कारण नव्हते.

झाशीजवळच्या एका लहानशा चारा-प्रकल्पात मी उमेदीची वर्षे काढली. प्रकल्प पुढे बंद झाला. आमच्या तांबड्या, उथळ मातीत पाऊस संपला की गवत लवकरच काड्यांसारखे होते आणि जनावरांची हाडे दिसू लागतात. म्हणून गवताच्या जोडीने वाढेल, थंडीतही थोडी हिरवी राहील अशी शेंगवर्गातली वनस्पती आम्ही शोधत होतो. स्टायलो नावाच्या झुडपाचा एक वाण वर्षानुवर्षे निवडत आम्ही तयार केला. त्याचे बी पिकले की गळून पडे. आम्ही वाकून ते झाडूने गोळा करीत असू आणि मातीतून पाखडून काढीत असू. एका हंगामात जेमतेम काही पिशव्या भरत. बियांचे कवच असे चिवट की गरम पाण्यात बुडवल्याखेरीज बी त्या वर्षी उगवेलच असे नाही.

गावात पहिली चाचणी घ्यायची ठरली तेव्हा एका शेतकऱ्याने तिळाची पट्टी मोकळी ठेवून आम्हाला दिली. सारा गाव त्यांना दद्दा म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. ते मला पंडतजी म्हणत. शेजारी हसले की आता दद्दा घास पेरणार आणि दूध सरकार काढणार. त्यांनी ते हसण्यावारी नेले.

बी देताना मी त्यांच्या बोलीत सांगितले, "दद्दा, बीज कढ़त पानी में डारने, थोड़ी देर, फिर बोने." ते म्हणाले, "कढ़त में? ठीक." छापील पत्रक माझ्या पिशवीत होते. त्यांना वाचता येत नाही म्हणून मी ते दिलेच नाही, आणि घरात वाचणारा मुलगा आहे का, हेही विचारले नाही. जीप थांबली होती.

पाऊस चांगला झाला. पट्टीत तण उगवले आणि मधूनमधून दोन-चार रोपे. मी अहवालात लिहिले की बी सूचनेप्रमाणे पेरलेले दिसत नाही, ते अन्यत्र वापरले गेले असावे. ते वाक्य लिहिताना मला स्वतःच्या सावधपणाचे समाधान वाटल्याचे आठवते. आमच्या साहेबांनी ते चौपालावर सर्वांदेखत बोलून दाखवले. दद्दांनी बी शेळ्यांना चारले, असे गावाने मग आपले आपण ठरवले, आणि चाचणी दुसऱ्या गावी गेली.

दोन उन्हाळ्यांनंतर, अगदी निराळ्या गावात, मी एका विहिरीवर पाणी मागितले. पोहरा वर आला होता. बाईने लोटा भरून दिला आणि म्हणाली, "पी लो भैया, अबई कढ़त पानी है." लोटा थंडगार होता. बुंदेलीत कढ़ना म्हणजे बाहेर येणे, निघणे. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. कढत पाणी म्हणजे विहिरीतून नुकते काढलेले. दद्दांनी सूचना अक्षरशः पाळली होती.

तेव्हाच सांगता आले असते. बढतीची यादी निघायची होती, म्हणून थांबलो, असे मी बराच काळ स्वतःला सांगितले. यादी निघाली, तीत माझे नाव होते, आणि तरीही मी गप्प राहिलो. म्हणजे कारण बढती नव्हते. दुसरे कोणते होते, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेलो. दद्दा उन्हात खाटेवर बसले होते, फार थकलेले. मी सर्व सांगितले. त्यांनी विचारले, "कढ़त माने खौलत?" खौलत म्हणजे उकळते. मग थोडे हसून म्हणाले, "पंडतजी, तुमाए घर में मौं कैसें धोउत?" तोंड भाजत नाही का तुमच्या घरी, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

हसू मावळले. मग म्हणाले, "जा बात ऊ साल काए नईं कई?"

कळले त्याच वर्षी का सांगितले नाही, हा प्रश्न होता. उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. हाताने शेताचा बांध दाखवला. तिथे बारीक पिवळ्या फुलांची झुडपे होती. गरम पाणी न लागलेले बी मातीत पडून राहून पुढच्या पावसाळ्यांत आपल्या सवडीने उगवले होते, आणि शेळ्या ते आवडीने खात होत्या. ही त्याच बियाची घास, असे त्यांनी मुलाला अनेकदा सांगितले होते. मुलगा म्हणे, रानटी आहे. चाचणी फसली त्या वर्षापासून मुलाने शेतातले काही त्यांना विचारले नव्हते.

"लिख कें दे दो," ते म्हणाले. "मोड़ा खों दिखाने." मुलाला दाखवायचे होते.

मी डायरीचे पान फाडले. बी त्यांनी पूर्ण पेरले, सांगितले तसेच पेरले, पाणी कसे हवे होते ते सांगण्यात चूक माझी होती, अहवाल खोटा ठरतो आणि बांधावरची घास तीच आहे, असे हिंदीत लिहून खाली सही केली. त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितले. मी वाचू लागलो. तिसऱ्या ओळीवर त्यांनी हात वर केला.

"फिर कढ़त लिख दओ," ते म्हणाले. "खौलत लिखो, नईं तो मोड़ा सोई न समझहै."

मुलालाही ते कळले नसते. मी शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली. मुलगा संध्याकाळी परतणार होता. मला थांबा असे त्यांनी म्हटले नाही. कागदाची घडी करून त्यांनी ती उशाखाली ठेवली.