दोरीवरची फडकी

आमच्या अकोल्याच्या घरी बाईला कावळा शिवला की तिने मागच्या खोलीत जायचं. वेगळं ताट, वेगळी वाकळ, आणि तिला कुणी शिवायचं नाही, नवऱ्याने तर नाहीच. मला त्या खोलीचा असा संताप यायचा म्हणून सांगू! पण घरात राज्य सासूचं. माझ्या पाळीचा हिशोब माझ्यापेक्षा तिलाच पक्का ठाऊक असायचा.

मग कोरोना आला. पुण्याहून दीर परतला आणि मागच्या खोलीत त्यालाच कोंडावं लागलं. सासू म्हणाली, "राहू दे तो विटाळबिटाळ. आता मानूसच मानसाले शिवत नाई, तं बाईचं काय घेऊन बसली?"

मला हसू आवरेना. इतकी वर्षं डोकं आपटून जे झालं नाही, ते एका आजाराने करून दाखवलं.

पण खोली सुटली तशी सासूची नजर माझ्यामागे लागली. मेडिकलमधले पॅड संपले होते, म्हणून मी जुनी फडकी वापरत होते. आमच्याकडे ती दोरीवर वाळत टाकून वरून लुगडं पसरायची पद्धत. उघडी टाकली तर अब्रूच गेली समजा. मी आत वळले की ही हळूच लुगडं उचलून खाली बघायची. तिची स्वतःची पाळी जाऊन जमाना झाला होता. मग बघत होती कुणासाठी? नातवासाठी! दोन पोरींवर तिचं समाधान नव्हतं. लॉकडाऊनमुळे दालमिल बंद, तिचा लेक दिवसभर घरात, आणि सुनेची पाळी काही चुकत नाही, हे तिला खुपत होतं.

मी ती चुकू देणारच नव्हते. दुसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं होतं की तिसऱ्या खेपेला जिवाची हमी नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. नवऱ्याला समजावून पाहिलं. तो म्हणाला, "पाहू पुढचं पुढं." पुढचं पुढं पाहायला मी उरायला तर हवी ना! शेवटी माहेरी, अमरावतीला गेले आणि आईला सोबत घेऊन गुपचूप तांबी बसवून आले. सासरी कुणाला पत्ता नव्हता.

आणि नेमकी त्या लॉकडाऊनमध्ये तांबी बिनसली. रक्त थांबेचना. अमरावतीचा दवाखाना बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर पोलीस. खोलीची पद्धत असती तर ही इतके दिवस मागे कशी, असं कुणीतरी विचारलं असतं. आता मी सगळ्यांमध्ये उठत-बसत होते, आणि कुणाला काही दिसत नव्हतं. सासूला मात्र दिसत होतं.

"काहून वं, तोंड पांढरंफटक पडून राहिलं तुहं. काही लपवून तं नाई राहिली?"

"काही नाही, उन्हाचं होतंय," मी म्हटलं. हिला सांगणं म्हणजे आपल्या हाताने आपली मान देणं.

एका सकाळी पोळ्या लाटता लाटता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिथेच कोसळले. सासूने मला उठवलं आणि दंडाला धरून जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत शिपायाने काठी आडवी केली, तर त्याच्यावरच खेकसली, "सरक बे! मराची वाट पायतं का पोरीची?"

तिथे माझं बिंग फुटलं. डॉक्टरीणबाई मास्कमधून म्हणाल्या, "तांबी सरकलीय. आत्ता काढावी लागेल. नवी इथे मिळायची नाही, ती अमरावतीलाच; आणि तीही सूज उतरल्याशिवाय बसवायची नाही." सासू शेजारीच उभी होती. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं सगळं.

परतताना ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, निघाली एकदाची."

बरं झालं? कुणाचं? माझा जीव वाचला ते, की नातवाची वाट मोकळी झाली ते? त्या दिवशी तिने केलेला शिरा मी घासाघासाला तिच्या तोंडाकडे बघत खाल्ला. ती एवढ्या मायेने तूप वाढत होती, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

दिराचा मुक्काम तोवर मागच्या खोलीतून हलला होता. मी आपणहून वाकळ उचलली आणि तिथे जाऊन बसले. ज्या खोलीला जन्मभर शिव्या दिल्या, त्याच खोलीत! विटाळ आहे म्हटल्यावर नवरा उंबरठा ओलांडणार नव्हता. पुढे रक्त थांबलं, पण मी कुणाला सांगितलं नाही. तो दाराशी येऊन विचारायचा, "झालं नाई का अजून?" मी आतूनच म्हणायची, "नाही."

एका संध्याकाळी सासू ताट सरकवायला आली आणि उभीच राहिली.

"अजून जाऊन राहिलं?"

"हो."

तिने वळून अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. दोरी रिकामी होती. कित्येक दिवसांपासून रिकामीच होती, आणि मी मूर्खासारखी ते विसरून गेले होते. पकडली गेले! ती निघून गेली. आता लेकाला सांगणार, उद्या मला इथून उठवणार, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

सकाळी अंगणातून नवऱ्याचा आवाज आला. "आई, हे काय असं उघडं टाकलं?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. दोरीवर धुतलेली फडकी वाळत होती, वर लुगडं न टाकता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. माझी नव्हती ती. सासूच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती.

"दिसलं ना डोयानं?" ती म्हणाली. "मंग शिवू नको तिले. अन् अमरावतीचा रस्ता खुलला का पैले तिले माहेरी नेऊन घाल. तिचं काम हाये तिथं."