त्याच्या गळ्यात भावाचं कार्ड

ही हकिगत सांगायचं मी सात वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर ‘साईटवर एक माणूस पडून गेला’ एवढं म्हणायचो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायचो. आता जिना चढताना धाप लागते, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना मुलीकडे बघतात. म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो.

रेल्वेत माझी सगळी नोकरी पुलांच्या कामावर झाली. निवृत्तीनंतर डहाणूजवळ मसोलीच्या घरात बसवेना, तेव्हा तलासरीजवळ एका पुलाच्या कामावर ठेकेदाराने मला सुरक्षेचं बघायला ठेवलं. मजुरांना कार्ड देणं माझ्याकडे होतं. जमिनीवर काम करणाऱ्याला निळं, उंचीवर चढणाऱ्याला पिवळं. पिवळं सहज मिळत नसे. मी दोन दिवस शिकवायचो. कमरेच्या पट्ट्याला दोन हूक असतात. एक सोडायच्या आधी दुसरा अडकवायचा. दोन दिवस हीच एक गोष्ट. मग शिडीवर चढवून परीक्षा. पास झाला की कार्डावर फोटो, नाव आणि खाली माझी सही.

तलासरीकडच्याच एका पाड्यावरच्या माणसाला मी असं पिवळं कार्ड दिलं होतं. त्याचा थोरला भाऊ कधी आमच्याकडे खाली सळ्या वाहायचा, कधी डहाणूला चिकूच्या वाडीत जायचा. भात कापणीला आलं आणि धाकटा शेतावर अडकला. त्याच्या जागी थोरला आला, गळ्यात भावाचं पिवळं कार्ड घालून.

यात लबाडी नव्हती. वाडीत चिकू उतरवायला एक भाऊ ठरलेला असतो. तो आजारी पडला, शेतात गुंतला, की दुसरा येऊन त्याच्या झाडावर चढतो. बागमालकही काही विचारत नाही. काम घराचं असतं, एका माणसाचं नसतं. कार्डही त्यांनी तसंच धरलं, घराचं म्हणून.

मला मात्र कळत होतं. फाटकावर मी कार्ड हातात घेतलं. फोटो उन्हाने उडाला होता, तरी चेहरा वेगळा होता.

“काय रे, आठवड्यात पाच वर्षांनी म्हातारा झालास?”

त्यांच्या बोलीत साहेबालाही ‘तू’च म्हणतात. तो म्हणाला, “साहेब, तुझ्या सहीचं वजन लय. मान वाकली माझी.”

रांगेतले हसले. मीही हसलो.

“भाऊ कधी येणार?”

“भात घरात पडलं का येल.”

“पट्टा बांधता येतो?”

“भावानं दाखवलाय अंगणात.”

त्या दिवशी वर चार माणसं कमी होती आणि इंजिनीअर सकाळपासून फोनवर ओरडत होता. मी “सांभाळून” म्हटलं आणि त्याला आत सोडलं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी तो पडला. मी धावत गेलो. पट्टा कमरेला घट्ट, नीट बांधलेला होता. दोन्ही हूक मोकळे होते.

दवाखान्यात तो गेल्याचं सांगितलं आणि नाव विचारलं. इंजिनीअरने मला भिंतीकडे घेतलं. “कार्डावर आहे तेच सांगा. शिकलेला माणूस पडला तर त्याची चूक. न शिकलेला पडला तर तुमची.” तो ‘आपली’ म्हणाला नाही. मी कार्डावरचं नाव सांगितलं, आणि ओळख पटवणारा म्हणून सही केली.

त्याची बायको आली तेव्हा कागद तयार होते. तिला वाचता येत नव्हतं. “इथे अंगठा दे, म्हणजे नेता येईल,” हे मीच म्हणालो. तिने दिला. कागदावर तिचा दीर मेला होता.

पुढे धाकटा कामावर आला तेव्हा फाटकावर कार्ड तपासणाऱ्या यंत्राने त्याला घेतलं नाही. मयत म्हणून ते कार्ड बंद झालं होतं. “साहेब, मी जिता आहे ना?” तो म्हणाला. मी कागद चाळत राहिलो. तेव्हापासून तो हद्दीपलीकडे गुजरातेत जातो, जिथे कुणी कार्ड मागत नाही अशा कामांवर.

आणि ती? नवऱ्याचं मजूर नोंदणीचं जुनं कार्ड घेऊन ती मदतीचे पैसे मागायला तलासरीच्या सरकारी कार्यालयात गेली, तर तिथे सांगितलं, तुझा नवरा जिवंत आहे, नोंदणी संपलीय, त्याला फोटो काढायला घेऊन ये. ती बस पकडून माझ्या दारात आली. “साहेब, कुठून आणू त्याला? तू फक्त लिही, पडला तो माझा माणूस होता.”

“बघतो,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणालो, “पुढच्या सोमवारी ये.” तिसऱ्यांदा मी आतल्या खोलीत उभा राहिलो आणि बायकोने बाहेर जाऊन मी गावाला गेल्याचं सांगितलं. ती ओट्यावर बराच वेळ बसली होती. तिच्या खोकल्याचा आवाज मला आत ऐकू येत होता. त्यानंतर ती आली नाही.

गेल्या महिन्यात मी तिने मागितलेला कबुलीजबाब लिहिला आणि तलासरीला त्याच कार्यालयात घेऊन गेलो. कार्यालयातली मुलगी नीट बोलली. म्हणाली, “आजोबा, तो ठेकेदार आता इथे नाही. मृत्यूची नोंद बदलायची तर कोर्टात जावं लागेल. इतकी वर्षं का थांबलात?” पोलिसांनीही कोर्टाचंच नाव घेतलं. या वयात तिथे किती तारखा बघून होतील, मला माहीत नाही.

तरी कागद घेऊन पाड्यावर गेलो. ती अंगणात लाकडं रचत होती. तिने मला ओळखलं, पाणी दिलं. माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“काय लिवलंस, वाच,” ती म्हणाली आणि समोर उकिडवी बसली.

मी वाचलं. फाटक, कार्ड, दवाखाना, माझी सही, तिचा अंगठा. तिच्या नवऱ्याचं नाव आलं तेव्हा तिने ते हळूच माझ्यामागून म्हटलं. मग मी थांबलो.

“झालं?”

“झालं,” मी म्हणालो.

तिने कागदाची घडी घातली आणि जुन्या कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. खाली एक ओळ राहिली होती. ती मी वाचली नाही, आणि तिला ती कधी वाचता येणार नाही:

‘बाई, तुमच्या नवऱ्याला ओळखूनही मी आत सोडलं आणि नंतर ओळख दिली नाही. मला माफ करा.’