मापं सांगायची चाचांनी, लिहायची चाचीनं

पुण्यातली नोकरी सोडून कोल्हापुरात परत आले, तेव्हा लोक विचारायचे, आता काय करतेस? घरातूनच प्रोग्रॅम लिहिते, असं मी सांगायचे. त्यावर ‘म्हणजे घरीच असतेस’ असा निकाल लागायचा. माझं डोकं मुळात तापट, त्यात हे वाक्य दिवसाआड ऐकावं लागे. त्यामुळे एकेकट्यानं काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांसाठी एक स्पर्धा आहे असं कळलं, तेव्हा मी मागचा पुढचा विचार न करता नाव नोंदवलं. अटी दोनच होत्या. ॲप कुणातरी खऱ्या माणसाच्या रोजच्या कामात वापरलेलं दिसलं पाहिजे, आणि ते आपण एकट्यानं केलेलं असलं पाहिजे.

खरा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. पेठेतल्या आमच्या घराच्या खालच्या गाळ्यात चाचांचं शिलाईचं दुकान आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. चाचा गिऱ्हाइकाला टेप लावून आकडे मोठ्यानं सांगायचे आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चाची ते वहीत उतरवायची. चाचांची कात्री पेठेत नावाजलेली, पण लिहिण्याशी त्यांचं कधी जमलं नाही. शाळा शिकली ती चाची. गेल्या वर्षी साखरेनं तिच्या डोळ्यांचा पडदा बिघडवला. उजेड कळायचा, समोर कुणी उभं आहे एवढं कळायचं, वहीतलं अक्षर मात्र दिसेना. चाचा आकडे ध्यानात ठेवायला लागले आणि एका प्राध्यापकांच्या बाह्या दुसऱ्याच कुणाच्या शर्टाला लागल्या.

मी ॲप बनवलं. चाचांनी आकडे बोलायचे, फोननं ते गिऱ्हाइकाच्या नावाखाली ठेवायचे आणि कापड कापताना विचारलं की बोलून दाखवायचे. चाचांचं पावणेअडतीस आणि साडेबेचाळीस फोनला कळेपर्यंत माझा महिना गेला. जमलं, तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले. दुकानात फोन बसवला, आणि चाचीचं स्टूल वाटेत येतंय म्हणून मीच ते उचलून बाहेर पायरीजवळ ठेवलं. आता आराम कर, असं तिला वर सांगितलं. ती मांडीवर बटणांचा डबा घेऊन, बोटांनी भोकं चाचपत, दोन भोकांची आणि चार भोकांची बटणं वेगळी करत बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बटणं. मला तो आराम वाटला. इतकी शिकलेली मी, आणि मला तो आराम वाटला.

दोन आठवडे सगळं झकास चाललं. मग आजऱ्याचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी शिवलेली सफारी न्यायला आले. लग्न चार दिवसांवर होतं आणि पॅन्टचं बटण काही केल्या लागेना. दोन आठवड्यांत मी काय बैल खाल्ला का, असं त्यांनी सगळ्या दुकानाला विचारलं. मी घाईघाईनं फोन तपासला. कंबर अडतीस. चाचांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रणही होतं, तेही सगळ्यांना ऐकवलं. चाचा अडतीसच म्हणाले होते. माझ्या ॲपची काही चूक नाही हे सिद्ध झालं म्हणून मी ताठ मानेनं उभी होते.

पायरीवरून चाची म्हणाली, “चाळीस लिवायचं हुतं ते.”

चाचांनी कपाळावर हात मारला. मग उलगडा झाला. दुकानात चार माणसं असली, की चाचा पोट सुटलेल्या माणसाची खरी कंबर कधीच मोठ्यानं सांगत नसत. दोन इंच कमी सांगायचे. चारचौघांत कुणाच्या पोटाचा पंचनामा करायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. वहीत उतरवताना चाची ते दोन इंच परत घालायची. गंमत म्हणजे हे त्या दोघांनी एकमेकांशी कधी बोलून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे मला सांगायचं चाचांच्या ध्यानातही आलं नाही.

आजरेकरांच्या पॅन्टमध्ये चाचांनी सवयीनं आत जास्तीचं कापड ठेवलं होतं. शिवण उसवून बसल्या जागी ती सैल करून दिली. ते गेल्यावर मी चाचीला म्हटलं, सोपं आहे, कंबर आली की दोन इंच वाढवायचे, प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालते. चाची हसली. सगळ्यांना दोन नसतात म्हणाली. कुणाला एक, कुणाला तीन. आणि एखादा पोट आत ओढून उभा राहिला, तर आणखी वाढवावं लागतं.

“पण तुला दिसत नाही, तर कळणार कसं?” मी विचारलं.

“आधी तरी कुठं बघत बसलोय मी? मान वहीतच असायची,” चाची म्हणाली. “ह्यांचा आवाज खाली आला, की कळतंय. आन् पोट आत वढल्यालं माणूस बोलाय लागलं, की त्याला दम लागतोय. ते ऐकाय येतंय की.”

मला फार लाज वाटली. डोळे गेले म्हणून ज्या बाईला मी दुकानाबाहेर बसवलं होतं, तिचं निम्मं काम डोळ्यांचं नव्हतंच. चाचांनी मग हळूच सांगितलं, की बाहेर बसायला लागल्यापासून ती दोन घास कमीच खातेय. त्यांनी मला आधी का सांगितलं नाही? पोरगी एवढी खपतेय, तिला कशाला दुखवायचं, म्हणून. तिथंही त्यांनी दोन इंच कमीच सांगितले.

महिन्याभराचं काम मी बाजूला टाकलं. स्टूल आत आणलं आणि ॲप चाचीच्या आवाजावर बसवलं. चाचा मोठ्यानं अडतीस म्हणायचे, चाची फोन तोंडाशी धरून हळूच चाळीस म्हणायची. कापताना फोनमधून तिचाच आवाज यायचा आणि चाचा मान डोलवत कात्री घालायचे. त्यानंतर एकही कपडा परत आला नाही.

स्पर्धेचा अर्ज भरताना शेवटी एक चौकट होती : हे काम माझ्या एकटीचं आहे. चाचीनं प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती. खूण केली असती, तरी कुणी हरकत घेतली नसती. दोन दिवस मी त्या चौकटीकडे बघत होते. जिंकायचं होतं मला, खोटं कशाला बोलू? पण ॲपमध्ये जे चांगलं होतं, ते तिचं होतं. मी आयोजकांना तसं लिहिलं. एकट्यांच्या गटात तुम्हाला घेता येणार नाही, असं त्यांचं सभ्य उत्तर आलं आणि आम्हाला पाच-पाच जणांच्या टोळ्यांशी झुंजायला खुल्या गटात घातलं. पहिल्या तिघांत आमचा नंबर लागला नाही. उल्लेखनीय म्हणून जी यादी लागली, तिच्यात आम्ही होतो.

बक्षीस हुकलं हे चाचीला कसं सांगावं, याचा विचार करत मी खाली गेले. तिनं बक्षिसाचं विचारलंच नाही. यादीत काय लिवलंय ते वाच म्हणाली. मी वाचलं. आधी माझं नाव आणि त्यापुढे ‘प्रोग्रॅम’, मग तिचं पूर्ण नाव आणि त्यापुढे ‘मापांची पद्धत’.

चाचांनी शिलाई मशीन थांबवलं.

“तीस वर्सं वह्या लिवल्या मी,” चाची म्हणाली. “वर नाव ह्यांचं, आत नाव गिऱ्हाइकाचं. परत वाच.”

मी परत वाचलं.