बोट न मागणारं पान

शहरात, द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानाला लागून भाग्यश्रीचं फॉर्म भरायचं केंद्र आहे. ती मूळची सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. पाड्यावर रेंज नाही, म्हणून तिथली माणसं कुठल्याही फॉर्मवर बेधडक तिचाच मोबाइल नंबर लावतात. साठ-सत्तर जणांचे मेसेज तिच्या एकटीच्या फोनवर येतात. लग्न होऊन अठरा वर्षं झाली, तरी पाडा सुटलेला नाही.

त्या मंगळवारी दुपारी फोन थरथरला. ‘हर्षाली, तुमची नर्सिंगची जागा आज पाच वाजता रद्द होईल. येथे खात्री करा.’

पाड्यावरची हर्षाली समोरच बसली होती. जागा पक्की करायलाच ती पहाटेच्या जीपनं आली होती.

“ताई, माझं नाव कसं म्हाईत त्यांना?”

“फॉर्मवर तूच लिहिलंस ना, येडे.”

भाग्यश्रीनं मेसेजमधली लिंक संगणकावर उघडली. पान रोजचंच होतं. तीच निळी पट्टी, तोच शिक्का, वरून सरकत जाणारी तीच सूचना. गेल्या महिन्यात याच संगणकावर तिनं हर्षालीचं बोट नोंदवून घेतलं होतं. ब्राउझर आधी साइटचा पत्ता ताडून बघतो. पत्ता खरा निघाला तरच बोट मागतो, आणि मग शेजारच्या छोट्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो.

हर्षालीनं बोट ओढणीला पुसलं आणि यंत्रावर ठेवलं.

दिवा लागला नाही. तरी पानावर अक्षरं उमटली: ‘बोट जुळले नाही. पासवर्ड टाका.’

“भाताच्या आवणीनं झिजली बोटं माझी,” हर्षाली कसनुसं हसली. “टाका ना पासवर्ड, ताई. साडेचार झाले.”

भाग्यश्रीनं पासवर्डांची वही उघडली. कीबोर्डवर बोटं टेकवली आणि तिथंच थांबली. यंत्रानं बोट मागितलंच नव्हतं. मग या पानानं कुणाचं बोट पाहिलं?

चौकातला गोंगाट, कुणी दार लोटून घ्यावं तसा दूर गेला.

तिच्या वडिलांना, पुंजाला, एकदा चांदण्या रात्री रानात चकवा लागला होता. वाटेवर तोच आंबा, तोच ओहोळ, उतारावर आपल्याच घरातून निघणारा धूर. पण फाट्यावर त्यानं स्वतः रचलेले तीन दगड कुठंच नव्हते. तो होता तिथं खाली बसला, कोंबडा आरवेपर्यंत हलला नाही. “धूर आपल्याच घरचा होता, पोरी,” तो पुढं कितीदा सांगायचा. “पर दगड नव्हते.”

भाग्यश्रीनं पान बंद केलं.

“ताई! काय करता? जागा जाईल माझी!”

“गप बस जरा.”

तिनं स्वतः जपून ठेवलेल्या पत्त्यावरून साइट उघडली. समोर तीच पट्टी, तोच शिक्का. दोन्ही पानांत डोळ्यांना रेघेचाही फरक दिसेना. पण या वेळी हिरवा दिवा लागला आणि हर्षालीनं बोट टेकवलं.

पाचला दहा कमी असताना ‘प्रवेश निश्चित’ आलं. हर्षालीनं ओढणीत तोंड लपवलं. रडते की हसते, कळेना.

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. ‘सहादू, तुमची पेन्शन आज बंद होईल. येथे खात्री करा.’

“सहादूबाबा?” हर्षालीनं डोकावून वाचलं. तिचा आवाज एकदम खाली आला. “ताई, ते तर चैत्रातच गेले.”

भाग्यश्रीनं हात मांडीवर घेतले आणि वडिलांसारखीच ती होती तिथं बसून राहिली.