लुगड्यांचा पडदा

काल आईची ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी केजमधल्या आमच्या नाट्यमंडळाचा पडदा डोळ्यांपुढे आला. आम्हा सगळ्यांच्या आयांनी दिलेल्या लुगड्यांचा तो शिवला होता. मधलं हिरवं माझ्या आईच्या लग्नातलं. खेड्यापाड्यांत फुकट नाटक न्यायचं, ही मंडळ काढणाऱ्या आप्पांचीच शपथ.

गावात केबल नुकतीच आली होती. एका दुपारी तालमीला गेले, तर छपरावर आप्पांनी बसवलेली केबलची छत्री, आणि खोलीत नव्या यंत्रांवर तो पडदा कापून पांघरलेला.

"लोक आता घरीच बघतेत. गावोगाव कशाला हिंडायचं?" आप्पा म्हणाले.

त्यांची अब्रू मी का झाकली, तीस वर्षांनंतरही कळत नाही. आईला सांगितलं, लुगडं उंदरांनी कुरतडलं.

"जाऊ दे," ती म्हणाली, "नाटकापायीच गेलं की."