शालिकचं इंजिन

फोन वाजला तेव्हा मी गडचिरोलीच्या कॉलेजात पेपर तपासत बसलो होतो. पलीकडून शालिकच्या पत्नी रत्नावहिनी एवढंच म्हणाल्या, "सर... हे गेले." आवाज ओळखूनही मी "कोण?" असं विचारलं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं फोन घेऊन बाकीचं सांगितलं. दुपारी शालिक आपल्या गॅरेजात एका गाडीचं बॉनेट उघडून वाकून उभा होता. बराच वेळ हलला नाही. गॅरेजमधल्या लोकांना वाटलं, इंजिनाचा आवाज ऐकतोय. त्याची तशी रीतच होती, म्हणून कुणी हाक मारली नाही. हात लावला तेव्हा तो गेलेला होता. गाडी चालूच होती.

ब्रह्मपुरीला मी पदार्थविज्ञान शिकवायचो तेव्हापासूनची आमची ओळख. स्कूटर त्याच्या गॅरेजात दुरुस्तीला टाकली आणि तिथल्या मोडक्या सीटवर बसून गप्पा मारायची सवय लागली, ती पंधरा-सोळा वर्षं टिकली. शालिक दहावीपर्यंत शिकलेला, पण इंजिनाबद्दल बोलायला लागला की मी माझी पदवी विसरायचो. त्या काळात गाडी जोरात पळवण्याचं वेड होतं आणि शालिकचा त्यात हातखंडा होता. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे कॅमशाफ्ट नावाचा दांडा ठरवतो. त्या दांड्याचे उंचवटे वेगळ्या पद्धतीनं घासले की गाडी रस्त्यावर सुसाट सुटते. मात्र हळू चालताना, चढावर, तिचा दम कमी पडतो.

त्याची धाकटी बहीण यमुना मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यात दिलेली होती. तिच्या नवऱ्याची पेट्रोलवर चालणारी जुनी जीप होती, चंद्रपूरपर्यंत सवारी मारायची. "भाऊ, गाडी दबून राह्यली सडकेवर," असं या मेहुण्यानं, घरच्या जावयानं, म्हटल्यावर शालिकनं स्वतःच्या हातानं तो दांडा बदलून दिला. भेट म्हणूनच दिला. गाडी पळायला लागली, जावई खूश झाला.

त्याच श्रावणात यमुनाला कळा सुरू झाल्या. जीपमध्ये तिला घालून सात-आठ माणसं दवाखान्याकडे निघाली. वाटेतल्या नाल्यात उतरली आणि पलीकडच्या चिखलाच्या चढावर जीप बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद... शेवटी खाटेवर घालून तिला नेलं. ती पोचली नाही, बाळही नाही.

शालिकला कुणीच बोल लावला नाही. जावई फक्त म्हणाला, "चढावर इंजिनानं दमच नाई धरला, भाऊ." त्या वाक्याचा अर्थ तिथं जमलेल्यांपैकी एकट्या शालिकला कळला होता. मला त्यानं तो महिन्याभरानं सांगितला, तोही माझ्याकडे न बघता.

त्यानंतर त्यानं एकच ध्यास घेतला. एकाच इंजिनाला चढावर ताकद आणि सडकेवर वेग, दोन्ही मिळालं पाहिजे. एके दिवशी तो इंजिनातला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर हातात घेऊन थेट माझ्या घरी आला. त्यात दोन लहान वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर सरकतात आणि ठिणगीची वेळ बदलते. "सर, ठिणगीचं टायमिंग आपोआप बदलते, त वॉल्व्हचं काऊन नाई बदलणार?" मी कागद-पेन्सिल पुढे ओढली. मग कॅमशाफ्टच्या चाकात तशीच वजनं आणि स्प्रिंगा बसवायचा उद्योग सुरू झाला. हिशेब मी मांडायचो, लोखंड तो घासायचा. स्प्रिंगा तुटायच्या, चाक खडखडायचं. एकदा एक अख्खं इंजिन गेलं. चार वर्षं असं चाललं. रत्नावहिनी चहा आणून ठेवायच्या आणि काही न विचारता आत जायच्या.

जमलं त्या दिवशी त्यानं जावयाची जीप मागून घेतली, यंत्र बसवलं, मागे धानाची पोती भरली आणि मला शेजारी बसवून त्याच नाल्यावर नेलं. चढ चिखलाचाच होता. जीप एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी सावकाश, पण न थांबता वर आली. वर येताच त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "चढली वो, यमुना," एवढंच म्हणाला. मी खाली उतरून रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो.

ते यंत्र फार खपलं नाही. सिरोंच्याच्या एका जीपवाल्यानं बसवून नेलं, चंद्रपूरच्या दोघांनी चौकशी केली. तोवर सगळ्यांनी चढावर मुळातच दम धरणारी डिझेल इंजिनं घातली होती. पुढे काही वर्षांनी नव्या मोटारींची माहितीपत्रकं गावात यायला लागली. त्यातलं एक त्यानं माझ्यापुढे धरलं, "इंग्रजी वाचून सांगा." कारखान्यातूनच वेगाप्रमाणे वॉल्व्हची वेळ बदलणारं इंजिन आल्याचं त्यात लिहिलं होतं. मी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे आपण येडे नोयतो, सर." मग तो कागद घडी घालत राहिला, लहान लहान होईपर्यंत. "मलेच उशीर झाला," म्हणाला. तो कशाबद्दल बोलत होता, हे मी विचारलं नाही.

तेरवीनंतर रत्नावहिनींना यमुनाच्या सासरी जाऊन यायचं होतं. मी सोबत गेलो. परतताना सवारीची जीप भरलेली होती. वहिनी शालिकच्या शेवटच्या सकाळबद्दल सांगत होत्या, न्याहारीला काय केलं होतं, तो काय म्हणाला... वाटेत एक साधाच चढ लागला. ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि वहिनी वाक्याच्या मधेच थांबल्या. शालिक गाडीत बसला की चढावर कधी बोलायचा नाही. कितीही रंगलेल्या गप्पा असोत, इंजिन वर पोचेपर्यंत कान देऊन बसायचा. त्याच्यासोबत इतकी वर्षं प्रवास करून आम्हालाही ती सवय लागली होती, हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघंही इंजिनाचा आवाज ऐकत होतो. जीप वर आली, रस्ता सपाट झाला. मी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. न्याहारीनंतर तो काय म्हणाला होता, ते त्यांनी पुढे सांगितलं नाही.