बाबांनी तासलेला दस्ता

मंडळी, आज दुपारपासून कशातच मन लागत नाहीये.

बाबांची शिकारीची बंदूक विकायला मी भावासोबत सीताबर्डीला बंदुकीच्या दुकानात गेले होते. बाबांच्या पेटीत बंदुकीचा एक कोरा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, सापडला होता, त्यांनी स्वतः तासलेला. तोही नेला.

सत्तर सालच्या सुमारास बाबा कुहीच्या घरी ओसरीवर काडतुसं भरत बसायचे. मी छर्रे पुढे केले की खेकसायचे, "डाव्या हातानं काहून देतं वं? उजव्यानं दे!"

दुकानदारानं दस्ता फिरवून पाहिला. "ताई, हा डावखुऱ्यासाठी घडवलाय. तोही लहान मुलाच्या मापाचा."

घरात डावखुरी मी एकटीच. पुढे शिकारबंदी आली आणि दस्ता पेटीतच राहिला असणार. बाबा कधी बोललेच नाहीत.

बंदूक विकली, दस्ता परत आणला. तुमच्या बाबांनी रागावता रागावता तुमच्यासाठी काय घडवून ठेवलं होतं?